पाठ कुणाच्या हाती

पनवेलजवळच्या करंजाड्यात पाठ दुखायला कारणांची वानवा नाही. कुणी जेएनपीएच्या कंटेनर ट्रेलरवर रात्र काढतो, कुणी तळोजा एमआयडीसीत उभ्याने पाळी करतो, कुणी पनवेल-सीएसएमटी लोकलमध्ये सव्वा तास लटकतो. भातखाचरात वाकून वाढलेली आगरी कंबर आता सिडकोच्या नोडमधल्या फ्लॅटमध्ये बसून आखडते. अशा वस्तीत दुखऱ्या अंगावर हात ठेवणारे तिघे: तेल लावणाऱ्या मावशी, फिजिओथेरपीचा दवाखाना आणि स्पा. स्पाबद्दल इतकेच की तिथे झोप छान लागते.

मावशींची कला सर्वांत जुनी आणि सर्वांत कमी लिहिली गेलेली. सव्वा महिना बाळ-बाळंतिणीला कोमट तेल, कढत पाणी, शेकशेगडी, ओवा-शेपांची धुरी. कुठे रगडायचे आणि कुठे नुसता तळवा टेकवायचा, हे त्यांना हातानेच कळते. पण मला त्यांच्या कामाचा मोलाचा भाग दुसराच वाटतो. कंबर चोळून घेता घेता बाळंतीण बोलू लागते. दूध पुरत नाही, टाके ओढतात, उगाच रडू येते. सासूला आणि नवऱ्यालाही न सांगितलेले मावशींना सांगते. प्रसूतीनंतरच्या नैराश्याची पहिली खूण कितीदा तरी त्यांच्याच कानावर पडत असणार. ती डॉक्टरपर्यंत नेणारी वाट मात्र कुणी बांधलेली नाही.

या परंपरेचे गोडवे गाताना हात आखडता घेतलेला बरा. बाळाच्या नाका-कानात तेल सोडणे घातकच. हाडवैद्याने करकचून बांधलेल्या कामट्यांखाली रक्त अडून हात-पाय गमावलेले रुग्ण अस्थिशल्यचिकित्सकांनी पाहिलेले आहेत. उसण भरल्यावर पायाळू माणसाची लाथ खाणे त्यामानाने निरुपद्रवी. उसण तशीही चार-आठ दिवसांत उतरतेच.

फिजिओथेरपीकडे शास्त्र आहे. मुंबईच्या केईएममध्ये १९५०च्या दशकातच तिचे शिक्षण सुरू झाले आणि २०२१च्या केंद्रीय कायद्याने या पेशाला राष्ट्रीय चौकट दिली. पण गल्लीतल्या दवाखान्यात काय होते? पॅड चिकटवतात, करंट सोडतात, वीस मिनिटांनी घंटी वाजते, पुढचा पेशंट. थेरपिस्टचा हात लागलाच तर पॅड काढताना. तीन खाटा आणि एक माणूस असे गणित असेल, तर त्या थेरपिस्ट मुलीला तरी किती बोल लावायचा?

निव्वळ हाताने दुखणे जाते का? कंबरदुखीवरील मालीशच्या २५ चाचण्या तपासून कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या संस्थेच्या २०१५च्या आढाव्याने हात झटकले: आराम मिळतो तो थोड्या दिवसांचा, आणि पुरावा कच्चा. ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात २००८ साली आलेली ५७९ रुग्णांची ब्रिटिश चाचणी अधिक बोलकी आहे. मालीशचा गुण तीन महिन्यांनी दिसला, वर्षाने बराच ओसरला. अलेक्झांडर पद्धतीचे २४ धडे घेतलेल्यांची पाठ मात्र वर्षानंतरही महिन्याला ३ दिवसच दुखत होती; नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांची २१ दिवस. या पद्धतीत शिक्षक मानेला, पाठीला हलका हात लावतो आणि उठता-बसताना आपण अंग कसे आवळतो ते दाखवून देतो. बदल शिकणाऱ्याने करायचा. ही पद्धत शोधणारा एफ. एम. अलेक्झांडर नट होता, रंगमंचावर आवाज बसायचा म्हणून आरशासमोर उभा राहिलेला. मानेचा ताण सुटला आणि आवाज परतला. लंडनच्या नाट्य आणि संगीतशाळांत ही पद्धत आजही शिकवतात.

म्हणजे हाताने दुखणाऱ्याला स्वतःच्या हालचालीपर्यंत आणून सोडावे, तिथे कला सुरू होते. आपल्याकडे हे काम वाटले गेले आहे आणि वाटण्या जुळत नाहीत. मावशींकडे स्पर्श आहे, व्यायाम नाही. दवाखान्याकडे व्यायामाचा छापील कागद आहे, तो करून घ्यायला वेळ नाही. पनवेल परिसरातल्या फिजिओथेरपीच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिपमधले आठ दिवस एखाद्या मावशींबरोबर घरोघर पाठवले, आणि मावशींना धोक्याच्या खुणा व रुग्णालयाचा एक फोन नंबर दिला, तर त्याला नवे यंत्र लागत नाही. मावशींना त्या दिवसांचे मानधन मात्र द्यावे लागेल. साडी-चोळीवर भागवायचे दिवस गेले.