रम्फर्डचा निबंध आणि ‘कॅलरिक’ या नामाचे आयुष्य

उष्णतेविषयीच्या कल्पनांचा इतिहास सांगताना पाठ्यपुस्तके बहुधा एक सुटसुटीत कथा सांगतात. उष्णता हे सूक्ष्म व भाररहित द्रव्य आहे असे अठराव्या शतकातील अनेक शास्त्रज्ञ मानीत. १७९८ मध्ये काउंट रम्फर्ड यांनी तोफेची नळी कोरताना उत्पन्न होणारी उष्णता पाहिली आणि त्या मताचा निरास झाला. ही कथा स्मरणात ठेवावयास सोपी असली तरी प्रत्यक्ष इतिहासाशी जुळत नाही. रम्फर्ड यांच्या निबंधानंतरही जवळजवळ अर्धशतक ते मत टिकून होते. ते का टिकले आणि अखेर कशाने ढळले, याचे उत्तर प्रयोगांइतकेच शब्दांतही शोधावे लागते.

‘कॅलरिक’ ही संज्ञा १७८७ मध्ये गीताँ द मोर्व्हो, लाव्हाझिए, बेर्तोले व फूर्क्र्वा यांनी सिद्ध केलेल्या रासायनिक परिभाषेत रूढ झाली. तीमागील हेतू शास्त्रशुद्ध होता. उष्णतेची संवेदना आणि त्या संवेदनेचे कारण या दोहोंना एकच शब्द वापरल्याने जो घोटाळा होई, तो टाळण्यासाठी कारणाला स्वतंत्र नाव देण्यात आले. हे कारण द्रव्यरूप आहे की कणांच्या गतीच्या रूपाचे, याविषयी लाव्हाझिए व लाप्लास यांनी १७८३ च्या निबंधात दोन्ही मते मांडून निर्णय राखून ठेवला होता. १७८९ च्या ग्रंथातही कॅलरिक हे खरोखरीचे द्रव्य मानलेच पाहिजे असे नाही, असा इशारा लाव्हाझिए यांनी दिला. परंतु त्याच ग्रंथातील मूलद्रव्यांच्या कोष्टकात प्रकाशाच्या जोडीने कॅलरिकलाही स्थान मिळाले. नाम एकदा कोष्टकात बसले म्हणजे वाचक त्याच्या मागे वस्तू पाहू लागतो. मग ग्रंथकाराचा इशारा मागे पडतो.

तथापि या नामाला केवळ भ्रमाचे अपत्य म्हणणे अन्यायाचे होईल. बर्फ वितळत असताना उष्णता दिली तरी तापमान चढत नाही, ही ब्लॅक यांनी अभ्यासलेली घटना ‘लपून राहिलेल्या’ द्रव्याच्या कल्पनेने सहज समजावून देता येई. लाप्लास यांनी १८१६ मध्ये ध्वनीच्या वेगाच्या गणितात केलेली दुरुस्ती आणि कार्नो यांचा वाफेच्या यंत्रांविषयीचा १८२४ चा ग्रंथ, ही दोन्ही कार्ये याच कल्पनेच्या आधाराने झाली.

या पार्श्वभूमीवर रम्फर्ड यांचा निबंध वाचला पाहिजे. म्यूनिक येथील शस्त्रागारात त्यांनी पितळी तोफेच्या ओतीव तुकड्याचे नळकांडे बोथट गिरमिटावर दाबून घोड्यांच्या बळाने फिरविले. पहिल्या प्रयोगात ९६० फेऱ्यांत धातूचे तापमान ६० अंश फॅरनहाइटवरून १३० अंशांवर गेले. चुरा मात्र अवघा ८३७ ग्रेन निघाला. पुढील एका प्रयोगात नळकांडे पाण्याच्या पेटीत बसविले, तेव्हा विस्तवावाचून १८.७७ पौंड पाणी अडीच तासांत उकळू लागले. चुऱ्याची उष्णताधारकता मूळ धातूइतकीच असल्याचेही त्यांनी दाखविले. जे घर्षणातून अमर्याद मिळत राहते ते द्रव्य असू शकत नाही. ते गतीचेच रूप असले पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

निष्कर्ष योग्य दिशेचा असला तरी युक्तिवादात उणिवा आहेत. उष्णताधारकता म्हणजे तापमान एका अंशाने वाढविण्यास किती उष्णता लागते याचे माप. पदार्थात एकूण किती उष्णता साठली आहे हे त्यावरून कळत नाही. ‘अमर्याद’ हा शब्दही मर्यादित काळाच्या निरीक्षणावर आधारलेला आहे. त्यामुळे प्रतिपक्षाला उत्तर देण्यास वाव राहिला; विल्यम हेन्री यांनी १८०२ मध्ये अशा प्रयोगांची छाननी करून द्रव्यवादाचा बचाव केलाच. याहून महत्त्वाचे म्हणजे ‘गती’ हे रम्फर्ड यांच्या निबंधात केवळ दुसरे नाम आहे. किती गतीपासून किती उष्णता, हा हिशेब तेथे नाही.

हा अभाव विशेष डोळ्यांत भरतो, कारण हिशेबाची एक बाजू त्यांनी काटेकोरपणे मांडली होती. उत्पन्न झालेली उष्णता २६.५८ पौंड बर्फगार पाणी उकळबिंदूपर्यंत नेण्याइतकी होती, असे त्यांनी गणित केले. नुसती उष्णताच हवी असेल तर घोड्याचा चारा जाळणे अधिक फायद्याचे, असेही त्यांनी नमूद केले. हे काम एका घोड्याला झेपेल हेही त्यांनी सांगितले. पण त्या घोड्याच्या श्रमाचा आकडा मांडला नाही. तो जूल यांनी १८५० मध्ये मांडला. एका घोड्याचे कार्य मिनिटास ३३,००० फूट-पौंड धरून रम्फर्ड यांच्याच आकड्यांवरून एक पौंड पाणी एक अंशाने तापविण्यास १,०३४ फूट-पौंड कार्य लागते, असे त्यांनी काढले. त्यांच्या स्वतःच्या वल्हेचक्राच्या प्रयोगाचा आकडा ७७२ होता. रम्फर्ड यांनी पेटीत मुरलेली व बाहेर गेलेली उष्णता मोजली नव्हती, हे लक्षात घेता दोन आकड्यांतील अंतर समजण्यासारखे आहे. कार्य आणि उष्णता यांचे असे ठरावीक प्रमाण सिद्ध झाल्यावर उष्णतेचा साठा अबाधित राहतो हे द्रव्यवादाचे मूळ गृहीतकच कोसळले. त्याच वर्षी क्लाउझिउस यांनी ते गृहीतक टाकून कार्नो यांच्या सिद्धान्ताचा ग्राह्य भाग राखून ठेवला.

आजच्या भौतिकशास्त्रात उष्णता हे ऊर्जेच्या संक्रमणाचे नाव आहे; पदार्थात असते ती आंतरिक ऊर्जा. भाषेने मात्र जुने रूप सोडलेले नाही. ‘उष्णता वाहते’, ‘अप्रकट उष्मा’, ‘उष्माधारकता’ या मराठी पाठ्यपुस्तकांतील प्रयोगांत साठणाऱ्या व लपणाऱ्या द्रव्याची कल्पना जिवंत आहे. बोलीतही ताप ‘चढतो’ आणि ‘उतरतो’. याउलट ‘पाणी तापले’ या वाक्यातील क्रियापद कोणतीही वस्तू न कल्पिता अवस्थांतर सांगते. रूढ संज्ञा बदलण्याचे प्रयोजन नाही. त्या गणनेस सोयीच्या आहेत. परंतु विद्यार्थ्यास ‘धारकता’ शिकविताना काय धारण केले जाते हा प्रश्न त्याच्यापुढे ठेवणे आणि रम्फर्ड यांच्या निबंधाबरोबर जूल यांचे गणितही वाचावयास देणे अगत्याचे आहे. तसे झाले नाही तर जो सिद्धान्त खोडला गेला असे तो परीक्षेत लिहितो, त्याच सिद्धान्ताच्या भाषेत तो पुढील उदाहरणे सोडवीत राहील.