ककनुसची राख

मराठी वर्तमानपत्रांत आणि सत्कारांच्या भाषणांत एक वाक्य हमखास भेटते : फिनिक्स पक्ष्याप्रमाणे राखेतून भरारी घेतली. दंगल असो, पूर असो वा निवडणुकीतला पराभव, भरारी ठरलेलीच. पक्षी किती जळाला, हे त्या वाक्यात कुठेच नसते. फारसी-उर्दूत ह्या पक्ष्याला 'ककनुस' म्हणतात. फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'मंतिकुत्तैर'मधली त्याची हिकायत वाचली की ह्या घाईच्या भरारीविषयी शंका येऊ लागते.

नैशापूरच्या अत्तारांचे हे बाराव्या शतकातले काव्य सुमारे साडेचार हजार बैतांचे आहे. त्यातला सीमुर्ग बहुतेकांना ठाऊक असतो. ककनुस मात्र वाटेत एकदाच येतो. एक पाखरू म्हणते, मला मरणाची भीती वाटते. त्यावर हुदहुद ही गोष्ट सांगतो.

हा ककनुस राहतो कुठे, तर हिंदुस्थानात! (वाचताना आम्हांला उगीच आपल्या गावचा माणूस भेटल्यासारखे वाटले.) त्याला जोडीदार नाही, पिल्लू नाही. लांब चोचीला बासरीसारखी शंभराच्या आसपास छिद्रे आणि प्रत्येकातून निराळा सूर. एका हकीमाने संगीताची विद्या त्याच्याकडूनच घेतली म्हणे. आयुष्य हजारेक वर्षांचे. मरण जवळ आले की त्याला कळते. तो सरपण गोळा करतो, मधोमध बसतो आणि एकेका छिद्रातून वेगवेगळा शोक काढतो. रानातली जनावरे-पाखरे भोवती जमतात. ऐकता ऐकता काहींचा जीव जातो. मग पंखांच्या फडफडाटातून आग निघते. शेवटचा निखारा विझल्यावर राखेतून एक पिल्लू डोके वर काढते.

सरपण आणि शोक ह्यांवर अत्तार रेंगाळतात. पिल्लाला एक-दोन बैतांत उरकतात आणि लगेच विचारतात, मेल्यावर असे जन्म देणे आणखी कोणाच्या वाट्याला आले आहे का? ककनुसएवढे आयुष्य मिळाले तरी मरण चुकत नाही, हा त्यांचा मुद्दा. ज्याला आपण नवजीवनाचे प्रतीक म्हणतो, ते त्यांनी मृत्यू समजावण्यासाठी वापरले. हा उपदेश आम्हांला प्रतिमेपुढे फिका वाटतो. तो संपल्यावरही ती सच्छिद्र चोच कानांत वाजत राहते. पण एक गोष्ट अत्तारांनी नेमकी पाहिली आहे : जो जळाला तो परत येत नाही, येते ते त्याचे पिल्लू. म्हणून इथे 'पुनर्जन्म' म्हणण्यापेक्षा 'वारसा' म्हणणे बरे. घर जळालेल्या माणसाला 'फिनिक्स हो' म्हणणाऱ्याला ही गोष्ट अर्धीच ठाऊक असते.

1938 मध्ये इराणचे कवी नीमा युशीज यांनी 'ककनुस' ह्याच नावाची कविता लिहिली. ठरीव मापाच्या ओळी त्यांनी लहानमोठ्या केल्या. आधुनिक फारसी कवितेची सुरुवात अनेक समीक्षक इथूनच मानतात. उपदेश गळून पडला आहे. बांबूच्या फांदीवर एकटा बसलेला पक्षी, इतर पाखरांसारखे खाऊन-झोपून दिवस काढणे त्याला असह्य होते आणि तो स्वतःला आगीत झोकून देतो. राखेतून मात्र एक नव्हे, अनेक पिल्ले निघतात. हे अनेकवचन फार धिटाईचे आहे. पुढे अहमद शामलू आणि फरोग फर्रुखजाद नीमांच्याच वाटेने निघाले. पण कविता लिहिली त्या वर्षी शामलू बारा-तेरा वर्षांचे होते आणि फरोग तीन-चार वर्षांची.