भाजीत ई. कोलाय सापडला, मग दोष कुणाचा? माझ्याच जुन्या प्रोजेक्टची झाडाझडती

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाला चंद्रपूरचा रस्ता जिथे फुटतो, ते वर्धा जिल्ह्यातलं जाम. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी मी तिथल्या भाजीविक्रेत्यांकडून २० नमुने घेतले होते. काकडी, टोमॅटो, गाजर आणि कोथिंबीर, म्हणजे आमच्याकडची सांबार. शेवटचं वाक्य मोठ्या ऐटीत लिहिलं होतं: 'बाजारातील सॅलडच्या भाज्या दूषित असून विक्रेत्यांमध्ये स्वच्छतेची जाणीव नाही.' गुणही चांगले मिळाले.

आता पीएच.डी.च्या कामासाठी तो अहवाल पुन्हा उघडला आणि लाज वाटली. या विषयावर दरवर्षी ढिगाने प्रोजेक्ट होतात आणि बहुतेकांत ह्याच चुका असतात. तुम्हीही नमुने गोळा करायला निघणार असाल, तर आधी माझ्या चुका बघून घ्या.

पहिली चूक: मी बाजार नाही, प्रवास मोजला.
एप्रिलचं ऊन, ओली सांबार, प्लास्टिकची बंद पिशवी आणि एस.टी. बर्फाचा डबा नव्हता. गाडीची वाट, प्रवास आणि प्रयोगशाळेतली रांग धरून तीन तास गेले. जिवाणू अर्ध्या तासाला दुप्पट होत गेले असं धरलं, तर तीन तासांत सहा वेळा दुप्पट, म्हणजे ६४ पट. मग प्लेटवर मोजलेला आकडा विक्रेत्याच्या टोपलीतला की माझ्या पिशवीतला? अहवालात नमुना घेतल्याची वेळ आहे, तपासणी सुरू केल्याची वेळच नाही. त्यामुळे आज ते सांगताही येत नाही.

दुसरी चूक: एकूण जिवाणूंचा आकडा म्हणजे घाण, असं मानलं.
कच्च्या पानावर दर ग्रॅमला लाखो जिवाणू असणं नेहमीचंच आहे. स्यूडोमोनाससारखे कितीतरी जिवाणू पानांवरच नांदतात. 'टोटल काउंट' मोठा आला म्हणून भाजी रोगट ठरत नाही. कोलिफॉर्मचंही तसंच. क्लेब्सिएला, एंटरोबॅक्टर हे मातीत आणि झाडांवरही असतात, ते विष्ठेतूनच आले असं म्हणता येत नाही. मी तर ईएमबी अगरवर हिरवी धातूसारखी चकाकी दिसली की थेट 'ई. कोलाय' लिहून मोकळा झालो. ती चकाकी हा संशय आहे, ओळख नव्हे. पुढच्या जैवरासायनिक चाचण्या केल्याशिवाय नाव लिहायचं नसतं.

तिसरी चूक: 'साल्मोनेला आढळला नाही.'
हे वाक्य सगळ्यात धोकादायक, कारण ते दिलासा देतं. मी १० ग्रॅम भाजी ९० मिली द्रावणात घुसळली आणि त्यातलं ०.१ मिली प्लेटवर पसरलं. हिशेब करा: प्लेटवर प्रत्यक्षात ०.०१ ग्रॅम भाजी पोचली. आयएसओ ६५७९ सारख्या प्रमाण पद्धतीत साधारणपणे २५ ग्रॅम नमुना घेतात. तो आधी साध्या पोषक द्रावणात ठेवून अर्धमेल्या जिवाणूंना सावरू देतात, मग निवडक माध्यमात वाढवतात आणि त्यानंतर प्लेटवर शोधतात. म्हणजे मी अडीच हजार पट कमी भाजीत शोधलं आणि 'नाही' म्हणालो.

समजा पद्धत बरोबर असती आणि विसाच्या विसही नमुन्यांत काही सापडलं नसतं, तरी? विसात शून्य आलं, तरी खरं प्रमाण जवळपास १४ टक्क्यांपर्यंत असू शकतं (९५ टक्के विश्वासपातळीवर). शून्य सापडणं आणि शून्य असणं यात एवढं अंतर आहे.

चौथी चूक: सापडलं तिथेच उगम मानला.
याची किंमत किती मोठी असते ते २०११ साली जर्मनीत दिसलं. ई. कोलाय ओ१०४:एच४ ची साथ आली. हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून अधिक मेले. हॅम्बुर्गमध्ये स्पेनहून आलेल्या काकड्यांवर घातक प्रकारचा ई. कोलाय सापडला आणि काकडीवर बोट ठेवलं गेलं. नंतर कळलं, काकडीवरचा वाण वेगळाच होता, साथीचा नव्हताच. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचा माल पडून राहिला होता. माग शेवटी मोड आलेल्या मेथीपर्यंत आणि इजिप्तहून आलेल्या बियांपर्यंत पोचला. म्हणजे धोका खरा होता, आरोपी चुकीचा होता.

मीही छोट्या प्रमाणात तेच केलं. जिवाणू शेताच्या पाण्यातून आले, गाडीतून, शिंपडायच्या पाण्यातून की हातांतून, हे कळायला एकाच शेतातल्या सांबारीचे नमुने शेतात, माल उतरताना आणि पाणी शिंपडल्यावर घ्यायला हवे होते. सोबत त्या पाण्याचाही. मी फक्त टोपलीतून घेतले आणि दोष टोपलीवालीला दिला. जाणिवेबद्दल तर एकाही विक्रेत्याला प्रश्न विचारला नव्हता. ते वाक्य आलं कुठून? आधीच्या अहवालांतून. सगळे लिहितात म्हणून मीही लिहिलं.

मग चांगलं काम कसं दिसतं? भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या पिंगुलकर, कामत आणि बोंगिरवार यांचा २००१ चा शोधनिबंध काढून वाचा. पालेभाज्या, सॅलडचे घटक, खायला तयार सॅलड्स त्यांनीही तपासली. पण मोजणीपाशी न थांबता टोमॅटोमध्ये लिस्टेरिया मोनोसायटोजेनीसला अटकाव होतो याचा पुरावाही मांडला. 'किती आहेत' वरून 'तिथे त्यांचं काय होतं' या प्रश्नाकडे गेलं, की सर्वेक्षणाचं संशोधन होतं. त्यासाठी महागडं यंत्रच लागतं असं नाही. तुलना आधी ठरवावी लागते.

माझ्या २० नमुन्यांवरून फार तर एवढंच लिहिता आलं असतं: 'प्रयोगशाळेत पोचलेल्या काही नमुन्यांत ई. कोलायसदृश वसाहती आढळल्या. उगम तपासलेला नाही.' वाक्य मिळमिळीत आहे, पण खरं आहे.

नमुने घेताना एका मावशीने सांबारीच्या जुडीचे पैसेही घेतले नव्हते. "काय निंगालं माह्या सांबारात, ते सांगजो बरं," म्हणाल्या होत्या. मी परत गेलोच नाही. तेव्हा गेलो असतो, तर तुमच्यामुळे भाजी दूषित आहे असं तोंडावर सांगितलं असतं का? नसतंच सांगितलं. तुमचा निष्कर्ष लिहून झाला, की हाच प्रश्न स्वतःला विचारा. ज्याच्याबद्दल लिहिलंय, त्याच्यासमोर ते वाक्य वाचता येत नसेल, तर पुन्हा आकडेवारीकडे वळा.