संहितेवरील मोहोर

संगणकाच्या आज्ञावलींचे जे सामायिक संग्रह महाजालावर ठेविलेले असतात, त्यांपैकी ज्यांवरील काम थांबले आहे ते ‘केवळ वाचनार्थ’ करण्याची सोय गिटहबने २०१७ मध्ये केली. अशा संग्रहात भर घालता येत नाही, आढळलेली चूकही तेथे नोंदविता येत नाही. मात्र तो वाचता येतो आणि त्याची प्रत काढून काम पुढे नेता येते. मालकाने मनात आणल्यास कुलूप पुन्हा उघडतेही. या व्यवस्थेस ‘जतन’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. तो शब्द येथे कितपत सार्थ आहे?

आपल्याकडे ही मोहोर जुनीच आहे. शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) एकनाथांनी ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली आणि कोणीही तीत पदरची ओवी मिसळू नये अशी तंबी अखेरीस दिली. शक दिला, कर्तृत्वही सांगितले. हा प्रामाणिकपणा थोर होय. परंतु कोणते पाठ वगळले, याची नोंद त्यांनी ठेविली नाही. (त्या काळी तशी अपेक्षा करणेही अन्यायाचे ठरेल.) संगणकीय संग्रह येथे निःसंशय सरस आहे, त्यात प्रत्येक फेरफार तारखेसह राहतो.

तथापि मोहोर म्हणजे आयुष्य नव्हे. वाशी तालुक्याच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात वि. का. राजवाडे यांना ज्ञानेश्वरीची एक पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व असल्याचे त्यांचे प्रतिपादन वादग्रस्त ठरले. पण १९०९ मध्ये त्यांनी तिची संहिता छापली, म्हणूनच तो वाद आजही घालता येतो. मूळ पोथी आता उपलब्ध नाही. तिला वाचविले ते छापील प्रतीने, कुलपाने नव्हे.

गूगल कोडची हकीकत याहून बोलकी आहे. ती सेवा ऑगस्ट २०१५ मध्ये केवळ वाचनार्थ झाली आणि जानेवारी २०१६ मध्ये बंद पडली. तेथे वाचनार्थ असणे ही निरोपाची पूर्वसूचना होती. ज्यांनी त्या अवधीत आपले संग्रह अन्यत्र हलविले, त्यांचे काम त्यांच्याच हाती राहिले.

म्हणून संग्रह गोठविण्यास आमचा विरोध नाही. मालक निघून गेल्यावर कोणी अनोळखी इसम त्यात घातक ओळी घुसवील, हे भय खरेच आहे. आमचा आक्षेप मुक्या कुलपास आहे. कुलूप का लावले, कोणत्या दोषांचा निरास राहून गेला, आणि काम पुढे नेणारी प्रत कोठे आहे, एवढे तीन-चार ओळींत पहिल्या पृष्ठावर लिहिण्यास श्रम पडत नाहीत. मात्र ते कुलूप लावण्यापूर्वीच लिहावे लागते. मागाहून ते पृष्ठही बदलता येत नाही.