दिसणारी साडी, न दिसणारं सूत

‘रॉकी और रानी की प्रेम कहानी’त आलिया भट काश्मीरच्या बर्फात शिफॉन नेसून प्रेमात पडते. त्याआधी १९८९च्या ‘चांदनी’त श्रीदेवीने शिफॉन स्वित्झर्लंडला नेलं होतं. अशा साड्यांच्या नकला आपल्याकडे विकल्या जातात त्या ‘समर कलेक्शन’ म्हणून. पडद्यावर थंडीत कुडकुडणाऱ्या नटीचं वस्त्र आपण जळगावच्या मे महिन्यासाठी विकत घेतो. उन्हाळी फॅशनची सगळी गोम इथेच आहे.

आलियाच्या अंगावरची मनीष मल्होत्राची ती एका रंगातून दुसऱ्यात विरघळणारी साडी देखणी आहे, त्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो तिच्या सुरती भावंडांबद्दल. तिथे शिफॉन, जॉर्जेट या नावाखाली बहुतेक वेळा पॉलिएस्टरच असतं. सुती धागा स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा हवेतून धरून ठेवतो; पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरत नाही. मग घाम जाणार कुठे? पाठीवरून ओघळणार.

साडी नेसण्याची कला मात्र सध्या जोरात आहे, हे आधी मान्य करायला हवं. साडीवर पट्टा, साडीखाली स्नीकर्स, ब्लाउजच्या जागी दादाचा शर्ट. २०१५मध्ये वर्षात शंभर वेळा साडी नेसण्याचा ‘हंड्रेड साडी पॅक्ट’ निघाला आणि कपाटात पडलेल्या साड्या आठवणींसकट बाहेर आल्या. २०२३मध्ये लंडनच्या डिझाइन म्युझियमने ‘द ऑफबीट सारी’ हे प्रदर्शन भरवलं. आदल्या वर्षी पुण्याच्या नताशा पूनावालांनी मेट गालाला सब्यसाचीची साडी धातूच्या चोळीवर नेसली होती. (ती चोळी आपल्या चैत्रात घालून पाहावी, अंगावर भाकरी भाजेल.) आणि हे सगळं नवं आहे असंही नाही. स्मिता पाटील मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायची तेव्हा जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची, हा किस्सा सगळ्यांना ठाऊक आहे. फरक इतकाच, की तिच्या अंगावर पुढेही सुती साड्याच शोभत राहिल्या, आणि त्या साड्या नेसलेल्या वाटायच्या, चढवलेल्या नाही.

नेसण्यात एवढं डोकं चालतंय, पण कापडाकडे बघायला कुणाला सवड नाही. ताऱ्यांच्या साडीचं वर्णन वाचा. डिझायनरचं नाव असतं, किंमत असते, दागिने कुणाचे ते असतं. सूत कुठलं, माग कुठला, याचा पत्ता नसतो. विद्या बालन हा सन्माननीय अपवाद. हातमागाची साडी तिने वर्षानुवर्षं नेमाने नेसली, तीही एखाद्या मोहिमेपुरती नव्हे. बाकी साडी फोटोत कशी ‘पडते’ एवढाच निकष. फोटोला घाम येत नाही.

आता मलमलची लाट आहे. बगरू-सांगानेरचे ठसे, कच्छचं अजरख, सगळं मऊ मलमलवर. चांगलीच गोष्ट आहे. पण त्या मलमलच्या आत काय असतं? सुती परकर गेला आणि ‘साडी शेपवेअर’ आलं, म्हणजे कमरेपासून घोट्यापर्यंत नायलॉन-लायक्राची घट्ट पिशवी. वर ब्लाउजला अस्तर. गेल्या वर्षी माझ्या सुती ब्लाउजपिसाला शिंप्याने न विचारता पॉलिएस्टरचं अस्तर लावलं. विचारल्यावर म्हणाला, “ताई, फिटिंग त्यानेच बसतं.” बसलं, खरंच छान बसलं. तो ब्लाउज मी डिसेंबरात घालते.

रंगांचंही तेच. दर उन्हाळ्यात पुरवण्या सांगतात की यंदा ‘पेस्टल’ आहेत. मोतिया, अबोली, पिस्ता, श्रीखंडी, अस्मानी ही सगळी मंडळी त्या एका शब्दाच्या पोटात गेली. शब्द गेला की नजरही जाते. अबोली आणि फिकट केशरी यांतला फरक ओळखणारा विक्रेता आता शोधावा लागतो.

खणाचं उदाहरण मला सगळ्यांत बोचतं. बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा खण हे चोळीचं कापड, म्हणून अरुंद पन्ह्याचं. इरकली लुगड्यावर खणाची चोळी, ही दोन शेजारगावांची सोयरीक होती. गेल्या काही वर्षांत मराठी नट्यांनी खण उचलून धरला आणि त्याचे ड्रेस, पर्स, कंदील, अखेर अख्ख्या साड्या झाल्या. मूळ कापडाच्या पन्ह्यात साडी बसतच नाही, म्हणून यंत्रमागावर, बऱ्याचदा कृत्रिम धाग्यात, खणाचा नुसता चेहरा विणला गेला. मराठी अस्मिता म्हणून ही साडी मिरवणाऱ्या बायका लग्नात पंख्याखालची खुर्ची आधी पकडतात, हे मी पाहिलंय. मीही पकडली आहे.

याउलट ज्या साड्या खरोखर उन्हाळ्यासाठी जन्मल्या, त्यांच्यात अक्कल विणलेली आहे. कोट्याजवळच्या कैथूनची कोटा डोरिया घ्या. तिच्या बारीक चौकटींना विणकर ‘खत’ म्हणतात. सुती आणि रेशमी धागे अंतर ठेवून बसवल्यामुळे साडीतून वारा आरपार जातो. त्या सुताला खळ देतात ती तांदळाची आणि कांद्याच्या रसाची. अहिल्याबाईंनी राजधानी केलेल्या महेश्वरच्या मागावर रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा एकत्र येतो. म्हणून माहेश्वरी झुळझुळीत असूनही अंगाला चिकटत नाही. तिच्या काठांवर घाटांच्या आणि किल्ल्याच्या दगडांची नक्षी आहे. गोव्याची तांबड्या चौकडीची कुणबी साडी तर भातशेतात वाकणाऱ्या बाईसाठीच बेतलेली: आखूड, जाडसर सुती, खांद्यावर गाठ. डिझायनर वेंडेल रॉड्रिक्सने तिला लांबी देऊन रॅम्पवर नेलं. रॅम्पसाठी कापडाला त्याने फसवलं नाही, म्हणून तो प्रयोग मला आजही या क्षेत्रातला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

आजीचं नऊवारी लुगडं धुऊन धुऊन मऊ व्हायचं आणि मग त्याची गोधडी व्हायची. यंदाच्या ‘ट्रेंड’मधल्या किती साड्यांची गोधडी होईल?

किमतीचा मुद्दा खोटा नाही. हातमागाची कोटा किंवा माहेश्वरी हजारांत जाते, पॉलिएस्टर काही शेकड्यांत मिळतं, आणि रोज लोकलने जाणाऱ्या बाईला न चुरगळणारी, रात्रीत वाळणारी साडी लागते. तिला नावं ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण काही साड्या फक्त हातमागावरच विणल्या जाव्यात असा १९८५चा कायदा असताना त्यांच्या यंत्रमागी नकला ‘हँडलूम’ म्हणून राजरोस विकल्या जातात, तिथे फसवणूक तिचीच होते. आणि मागावर बसलेलीचीही. २०१९-२०च्या हातमाग गणनेत देशातल्या सुमारे ३५ लाख कामगारांपैकी ७० टक्क्यांहून अधिक बायका होत्या.

तेव्हा या उन्हाळ्यात साडी घेताना काठाच्या आधी सूत विचारा. उत्तर गुळमुळीत आलं, तर पदराच्या दशांमधला एक धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि राख होते. पॉलिएस्टर वितळतं आणि बोटांत एक काळा, कडक मणी उरतो.