समाधानाची मोजपट्टी आणि मावळातील कामगार

मानव संसाधन धोरणांविषयी कर्मचाऱ्यांना काय वाटते, याचा शोध घेणारे निबंध व्यवस्थापनशास्त्राच्या विभागांतून सातत्याने लिहिले जातात. भरती, प्रशिक्षण, मूल्यमापन, वेतन ही प्रकरणे, पाच बिंदूंची मोजपट्टी आणि अखेरीस ‘बहुतांश कर्मचारी समाधानी’ हा निष्कर्ष, असा त्यांचा साचा ठरून गेला आहे. या साच्याची मर्यादा पाहण्यासाठी लोणावळ्याहून दूर जावे लागत नाही.

मावळ तालुक्यात तळेगावला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातील विक्री थांबविली. निर्यातीसाठीचे उत्पादन चालू राहिले आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही बंद झाले. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला विक्रीव्यवहार २०२२ मध्ये बारगळला. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने केलेल्या कराराचा विषय होता जमीन, इमारती व काही यंत्रसामग्री. कामगार त्यात नव्हते. कामगार संघटनेने कारखाना बंद करण्यास कायदेशीर आव्हान दिले होते. अशा कारखान्यात प्रशिक्षणाविषयी ‘पूर्णतः सहमत’ या चौकटीत खूण करणारा कामगार खोटे बोलत नसतो. प्रश्नच अपुरा असतो.

निशी, लेपॅक व श्नायडर यांनी २००८ मध्ये मांडलेला मुद्दा येथे उपयुक्त ठरतो. धोरण कोणते आहे यापेक्षा ते कशासाठी आहे असे कर्मचारी समजतात, यावर त्यांची वृत्ती अवलंबून असते. तेच प्रशिक्षण एकाला हिताचे वाटते, दुसऱ्याला कमी माणसांत अधिक काम उरकण्याची तयारी वाटते. आपल्याकडील प्रश्नावल्यांत हा ‘कशासाठी’ बहुधा आढळत नाही. शिवाय प्रश्नावली मानव संसाधन कार्यालयामार्फतच वाटली जात असेल, तर उत्तरे कोणाच्या नजरेखाली लिहिली गेली, हे संशोधकाने नमूद करावयास हवे. ते क्वचितच केले जाते.

लोणावळ्यातील हॉटेल व्यवसायात हा दोष अधिकच ठळक होतो. पावसाळ्यातील शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते. साहजिकच इतरांची सुट्टी हा येथील कर्मचाऱ्यांचा सर्वाधिक कामाचा दिवस. ‘रजेच्या धोरणाविषयी आपण समाधानी आहात काय?’ या प्रश्नाला त्यांनी दिलेल्या ‘होय’चा अर्थ कारखान्यातील ‘होय’सारखा कसा धरावा? कामबंदीपूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे औद्योगिक विवाद कायद्यातील बंधनही कारखाने, खाणी व मळे यांच्यापुरतेच होते, हॉटेलांना नव्हते. हंगामापुरता नेमलेला वाढपी किंवा कंत्राटदाराच्या हजेरीपटावरील सफाई कामगार तर नमुन्यातच येत नाही, कारण नमुना निवडला जातो तो कायम कर्मचाऱ्यांच्या यादीतून.