शिरगणती म्हणजे संवर्धन नव्हे

अजिंठ्याच्या घाटाखाली वसलेले फर्दापूर हे गाव मराठवाड्यातील आणि खानदेशातील शाळांच्या सहलींना चांगलेच परिचयाचे आहे. येथे गाड्या थांबतात, मुले बसमधून लेण्यांकडे जातात आणि लेण्यांच्या आधी त्यांची गाठ पडते ती वानरांशी. काळ्या तोंडाच्या, लांब शेपटीच्या या प्राण्यांच्या टोळ्या वाघूर नदीच्या काठच्या झाडांवर आणि कड्यांवर सहज दिसतात. पुष्कळ सहली पुढे सुमारे शंभर किलोमीटरवरील छत्रपती संभाजीनगरात जातात आणि तेथील सिद्धार्थ उद्यानातील प्राणिसंग्रहालयही पाहतात. परत आल्यावर मुले निबंध लिहितात. लेण्यांची संख्या त्यात असते, प्राण्यांची यादीही असते. पण रानातली टोळी आणि पिंजऱ्यातला जमाव यांत फरक काय, याविषयी एक ओळही नसते. हा दोष मुलांचा नाही. प्राणिसंग्रहालये स्वतःचा हिशेब ज्या पद्धतीने मांडतात, तीच पद्धत आपण शाळेत उचलली आहे. त्या हिशेबाची तपासणी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्राणिसंग्रहालयाचा नेहमीचा हिशेब दोन आकड्यांत मावतो : आमच्याकडे किती जातींचे प्राणी आहेत आणि यंदा किती पिल्ले जन्मली. हे आकडे वाढले की यश, घटले की अपयश. आमचे म्हणणे असे, की हे दोन्ही आकडे खरे असूनही त्यांवरून संग्रहालय चांगले की वाईट हे ठरत नाही. माकडवर्गीय प्राण्यांच्या बाबतीत तर ते मुळीच ठरत नाही, कारण या प्राण्यांचे एकक 'एक प्राणी' हे नसून 'एक टोळी' हे आहे.

टोळी म्हणजे काय?

मराठीत 'वानर' आणि 'माकड' हे दोन वेगळे शब्द आहेत, ही आपल्या भाषेची सोय आहे. वानर म्हणजे लंगूर, पाने पचवणारा. माकड म्हणजे तांबड्या तोंडाचा मॅकाक, मिळेल ते खाणारा आणि गालातल्या पिशव्यांत साठवणारा. वानराच्या जठरात कप्पे असतात आणि त्यातील जीवाणू पानांतील सेल्युलोज आंबवून पचवतात. म्हणून पाव, बिस्किटे आणि गोड फळे यांचा मारा वानराला अपायकारक ठरतो. हे पिंजऱ्यातल्या वानरालाही लागू आहे आणि फर्दापूरला आपण चालत्या गाडीतून ज्याच्याकडे पुडा फेकतो त्यालाही.

वानरांची नेहमीची टोळी म्हणजे परस्परांशी नाते असलेल्या माद्या, त्यांची पिल्ले आणि बहुधा एकच प्रौढ नर. मुली टोळीत राहतात, मुलगे बाहेर पडून नुसत्या नरांच्या टोळक्यात सामील होतात. अशा टोळक्यातला एखादा नर पुढे जुन्या नराला हुसकावून टोळीचा ताबा घेतो. जोधपूरच्या परिसरात दीर्घकाळ झालेल्या अभ्यासात एका नराची कारकीर्द सरासरी दोन-सव्वादोन वर्षांची आढळली. मादीला पहिले पिल्लू होते ते साडेतीन वर्षांच्या सुमारास. म्हणजे मुलगी वयात येते तेव्हा बाप बहुधा टोळीत नसतोच. निसर्गाने येथे कोणताही नियम लिहून ठेवलेला नाही, पण नरांच्या येण्याजाण्यामुळे जवळच्या नात्यातील प्रजनन आपोआप टळते.

हे ज्ञान एका दिवसात मिळाले नाही. फिलिस जे यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस उत्तर व मध्य भारतात शांत टोळ्या पाहिल्या. युकिमारू सुगियामा यांनी 1960 च्या दशकाच्या आरंभी धारवाडला नवा नर आल्यावर तान्ह्या पिल्लांचा बळी जाताना पाहिला. सारा हर्डी यांनी 1971 पासून अबूच्या पहाडावर काम करून मांडणी केली, की यात नराचा प्रजननाचा लाभ असतो. गर्दीमुळे बिघडलेल्या टोळ्यांचे हे विकृत वर्तन आहे, असा प्रतिवाद झाला. पुढे 1999 मध्ये नेपाळातील रामनगर येथील अभ्यासात डीएनए तपासून दिसले, की हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. वाद असा पुराव्याने पुढे सरकला. विज्ञान शिकवताना हे उदाहरण जरूर वापरावे.

चुकीचा जमाव, चुकीचे शास्त्र

टोळीची रचना न समजता प्राणी एकत्र कोंडले, तर काय होते? याचे सर्वांत दुःखद उदाहरण लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील 'मंकी हिल' हे आहे. 1925 मध्ये तेथे सुमारे शंभर हमाद्रायस बबून सोडण्यात आले. सगळे नर ठेवायचा बेत होता, पण नजरचुकीने त्यांत सहा माद्या आल्या. त्यांच्यावरून रक्तपात सुरू झाला. 1927 मध्ये तोडगा म्हणून आणखी तीस माद्या सोडल्या, तर महिन्याभरात त्यांतल्या निम्म्या मारल्या गेल्या. सॉली झुकरमन यांनी या वसाहतीचे निरीक्षण करून 1932 मध्ये ग्रंथ लिहिला आणि लैंगिक चढाओढ हाच वानरसमाजाचा पाया, असा समज त्यातून दीर्घकाळ रूढ झाला.

1960 च्या दशकात हान्स कुमर यांनी इथिओपियात जाऊन हेच बबून रानात पाहिले. तेथे एका नराभोवती काही माद्यांचे छोटे कुटुंब असते, अशी अनेक कुटुंबे एकत्र वावरतात, आणि एका नराच्या माद्यांवर दुसरा नर सहसा हक्क सांगत नाही. म्हणजे लंडनला दिसला तो बबूनचा स्वभाव नव्हता. परक्या नरांच्या गर्दीत मूठभर माद्या टाकल्याचा तो परिणाम होता. पिंजरा चुकला की प्राणी तर मरतातच, पण त्या पिंजऱ्यावरून शिकणारा माणूसही चुकीचे शिकतो. शिक्षकांच्या दृष्टीने हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. विद्यार्थ्याने पिंजऱ्यापुढे उभे राहून 'माकडे भांडकुदळ असतात' असे वहीत लिहिले, तर ते निरीक्षण आहे की त्या पिंजऱ्याच्या व्यवस्थेवरचा शेरा?

एक सोपे गणित

आता संख्येकडे वळू. समजा एका संग्रहालयात दहा प्रौढ वानरे आहेत : एक नर, नऊ माद्या. डोकी दहा. पण पुढच्या पिढीतील निम्मी जनुके त्या एकाच नराकडून येणार. आनुवंशिकीत यासाठी 'परिणामकारक संख्या' काढतात. नरांच्या आणि माद्यांच्या संख्यांचा गुणाकार करावा, त्याची चौपट करावी आणि तिला एकूण संख्येने भागावे. येथे 4 × 1 × 9 भागिले 10, म्हणजे 3.6. पाच नर व पाच माद्या प्रजनन करत असत्या, तर उत्तर 10 आले असते. एका पिढीत वैविध्याचा किती भाग गळतो, हे एक भागिले परिणामकारक संख्येची दुप्पट, या सूत्राने मिळते. 3.6 साठी ही गळती सुमारे 14 टक्के येते. तीन पिढ्यांनंतर मूळ वैविध्यापैकी सुमारे 64 टक्केच उरते. पिल्ले भरपूर जन्मत असली आणि शिरगणती वाढत असली, तरीही!

मग पाच नर एकाच पिंजऱ्यात ठेवावेत काय? वानरांच्या बाबतीत त्याचे उत्तर वर आलेच आहे. तोडगा दुसरा आहे. अशीच पाच संग्रहालये एकत्र आली, प्रत्येकाने आपली टोळी तशीच ठेवली आणि ठरावीक काळाने नर परस्परांत फिरवले, तर पाच नर आणि पंचेचाळीस माद्या यांची एक लोकसंख्या होते. परिणामकारक संख्या 18 आणि गळती पिढीला 2.8 टक्के. खर्च फक्त वाहतुकीचा, वंशनोंदीचा आणि थोडे सामंजस्य दाखवण्याचा. रानात नर स्वतः फिरतो, संग्रहालयात तो फिरवावा लागतो, इतकेच. मात्र तान्ही पिल्ले असलेल्या टोळीत नवा नर घाईने सोडला, तर धारवाडला जे दिसले ते पिंजऱ्यात घडू शकते, आणि तेथे पळायला कडाही नसतो. म्हणून टोळीची व्यवस्था हे वेळापत्रकाचे आणि समजुतीचे काम आहे. केवळ जागा मिळाली म्हणून नर आणून सोडणे ही व्यवस्था नव्हे.

नियम आहेत, सवय नाही

आपल्या देशात याबाबत नियम नाहीत असे नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन 1992 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षीच्या नियमांत जोडीदाराविना प्राणी एक वर्षाहून अधिक काळ ठेवू नये, भिन्न जातींचा वा उपजातींचा संकर होऊ देऊ नये, आणि भरमसाट वाढणाऱ्या प्राण्यांची संख्या नर-माद्या वेगळे ठेवून किंवा नसबंदीने आवरावी, असे स्पष्ट म्हटले होते. 1998 चे राष्ट्रीय धोरणही संवर्धनाला पूरक ठरणे हेच संग्रहालयांचे मुख्य काम मानते. संकराची अट वानरांना विशेष लागू पडते. पूर्वी ज्याला एकच 'हनुमान लंगूर' समजत, त्याच्या आता अनेक जाती मानल्या जातात. राजस्थानातून आलेला नर आणि कर्नाटकातून आलेली मादी केवळ दोघांची तोंडे काळी म्हणून एका पिंजऱ्यात घालणे योग्य नाही.

पण सवय मात्र शिरगणतीची आहे. सिद्धार्थ उद्यानाचेच पाहा. तेथील वाघांचे प्रजनन प्रसिद्ध आहे. 2019 मध्ये एका वाघिणीला चार आणि 2020 मध्ये पाच बछडे झाले, तेव्हा शहराने कौतुक केले. त्याच संग्रहालयाची मान्यता अपुरी जागा व इतर त्रुटी दाखवून प्राधिकरणाने 2018 मध्ये रद्द केली होती. नंतरही संग्रहालय चालू राहिले आणि मिटमिटा येथे मोठ्या जागेची योजना पुढे आली. 2020 मध्ये येथून शक्ती आणि करिश्मा ही जोडी मुंबईच्या जिजामाता उद्यानात गेली. जागा अपुरी ठरलेली असताना पाच बछड्यांचा आनंद कसा मानायचा? कर्मचाऱ्यांनी बछडे वाढवले, ही त्यांच्या कष्टांची पावती आहेच. प्रश्न त्यांना नाही, हिशेबाला आहे. जन्माच्या बातमीबरोबर 'हे प्राणी मोठे झाल्यावर कोठे राहणार, त्यांची जोडी कोणाशी जमणार' हेही छापून आले असते, तर ती बातमी शास्त्रीय ठरली असती.

संग्रहालयांची अडचणही समजून घ्यावी. महापालिकेच्या तुटपुंज्या तरतुदीत काम चालते, मदाऱ्यांकडून सोडवलेली आणि जखमी माकडे त्यांच्याच दारात येतात, आणि नाही म्हणणे कठीण असते. शिवाय 'प्रजनन थांबवा' हे उत्तरही सरसकट बरोबर नाही. पश्चिम घाटातील सिंहपुच्छ माकडाचे उदाहरण घ्या. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू यांच्या जंगलांत ही जात उरली आहे, तीही मोजक्या हजारांत. उत्तर अमेरिकेतील संग्रहालयांनी जागेअभावी तिचे प्रजनन आवरते घेतले. पुढे संख्या घटू लागली आणि वय झालेल्या माद्यांकडून पुन्हा पिल्ले मिळणे अवघड झाले. प्रजनन हा बटण दाबून चालू-बंद करण्याचा दिवा नाही. प्राणी म्हातारे होतात, आणि पिल्लू कसे सांभाळावे हे लहान माद्यांनी पाहिलेले नसले, तर ती विद्याही खंडित होते. वानरांत तर तान्हे पिल्लू माद्यांच्या हातोहाती फिरते, आणि तरुण माद्या तेथेच शिकतात.

ब्राझीलमधील सोनेरी टॅमरिन या छोट्या माकडाची कथा याच्या उलट आहे. 1970 च्या दशकात डेव्हरा क्लाइमन यांच्या पुढाकाराने संग्रहालयांनी वंशनोंद एक केली आणि धाकट्या भावंडांना सांभाळू लागेपर्यंत पिल्ले कुटुंबातच ठेवली. 1984 पासून काही कुटुंबे जंगलात सोडता आली. तेथे जन्म मोजले गेले, पण ते कशासाठी, हे आधी ठरले होते.

मग आपण काय पाहावे?

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात महाकपी जातकाचे चित्र आहे. वानरांचा राजा स्वतःच्या देहाचा पूल करतो आणि टोळी त्यावरून पलीकडे जाते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने वानर रंगवताना टोळी रंगवली, हे विद्यार्थ्यांना अवश्य दाखवावे. मग बाहेरच्या जिवंत टोळीकडे पुडे न फेकता अर्धा तास पाहू द्यावे : प्रौढ नर किती, तान्हे कोणाकोणाच्या हाती जाते, कोण कोणाला साफ करते.

त्यानंतर संग्रहालयात गेल्यावर प्रश्नही बदलावेत. येथे किती प्राणी आहेत, याऐवजी ही टोळी आहे की जमाव? हे परस्परांचे कोण लागतात? नर शेवटचा कधी बदलला? यांची पिल्ले पुढे कोठे जाणार? फलकावर उत्तर नसेल, तर वर्गाच्या वतीने संग्रहालयाला पत्र लिहावे. असा प्रश्न दहा शाळांकडून गेला, तर फलक बदलेल, आणि फलक बदलण्यासाठी आधी नोंदवही नीट ठेवावी लागेल. प्रेक्षक जे विचारतो तेच संग्रहालय मोजते. आजवर आपण डोकी मोजायला सांगत आलो, म्हणून ती मोजली गेली.